बारा फुटांवरची कुजबुज

अर्जदार: श्रीमती झिला ब्रेसवेल. वय: अठ्ठावन्न. राहणार: सतरा, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट, थॉर्नशॉ, परगणा लँकेशायर. धंदा: सूतगिरणीत विणकर, चव्वेचाळीस वर्षे, गिरणी बंद पडल्याने सध्या घरी. तक्रार: ऐकू येत नाही. तपासणी: अर्जदार स्वतः चालत आल्या. वृत्ती आनंदी, वागणूक सहकार्याची. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नास तत्काळ व समर्पक उत्तर दिले. पाठीमागून, बारा फुटांवरून, कुजबुजत्या आवाजात उच्चारलेले सर्व आकडे बिनचूक सांगितले. निष्कर्ष: श्रवणशक्ती वयाच्या मानाने उत्तम. पती आजारी असल्याने मनावर ताण असावा. सबब श्रवणयंत्राची शिफारस करता येत नाही. शेरा: झोपण्यापूर्वी गरम दूध घ्यावे.

हे कार्ड १९६२ सालच्या मार्चमधलं. त्यात खोटं असं काहीच नव्हतं. बाई खरंच चालत आली होती, खरंच आनंदी दिसत होती, आणि आकडे तर तिने असे फटाफट सांगितले होते की डॉक्टरांनी पाठ थोपटावी. फक्त एक गोष्ट लिहायची राहून गेली होती. तोफेचा बार आणि चॅपलमधल्या ऑर्गनचा खर्ज सोडला, तर झिला ब्रेसवेलच्या कानात गेली तीस वर्षं काहीही शिरलेलं नव्हतं.

बाराव्या वर्षी ती साळखात्यात लागली. एका छपराखाली अकराशे माग, आणि प्रत्येक मागावर मिनिटाला दोनशे वेळा धोटा इकडून तिकडे आपटणार. तिथे आवाज ऐकू येत नसे, तो अंगावर पडत असे. नवी पोर पहिल्या दिवशी रडायची, आठवड्याभरात तिला सवय व्हायची, आणि दहा-पंधरा वर्षांनी सवय करून घेण्यासारखं कानात काही उरायचंच नाही. पण म्हणून बायका तिथे दिवसभर गप्प असत असं कुणाला वाटत असेल, तर त्याने विणकर बाई पाहिलेली नाही. आवाज न काढता, ओठ चांगले ताणून, भुवया, हात, खांदे सगळे कामाला जुंपून त्या बोलत. या बोलण्याला त्या 'मी-मॉ' म्हणत. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला आपल्या चारही नणंदांचं चरित्र सांगू शके, आणि मधून फिरणाऱ्या मॅनेजरला त्यातलं अक्षर कळत नसे, विषय मॅनेजर असला तरी. पुढे ही बोली घरोघर आली. प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर समोरासमोरच्या माडीच्या खिडक्यांतून सकाळ-संध्याकाळ गप्पा चालत आणि रस्त्यावर चिटपाखराचा आवाज नसे. चॅपलच्या नव्या धर्मोपदेशकाला पहिला आठवडाभर वाटत होतं, की या गल्लीत सगळ्यांच्या दाढा दुखतात.

त्या मागांवर झिलाने जन्मभर हिंदुस्थानासाठी धोतरं विणली. पुढे हिंदुस्थानने धोतरं घ्यायचं थांबवलं, मग गिरणीने विणायचं थांबवलं, आणि साठ साली दोन माणसांनी घण घेऊन माग फोडले आणि भंगारात घातले. फोडताना म्हणे फार मोठा आवाज झाला.

आता बहिरी म्हणाल, तर थॉर्नशॉमधली कुठलीही विणकर बाई बहिरी नव्हती. लोक हल्ली पुटपुटतात, एवढंच. इंग्रजीत बहिऱ्याला 'डेफ' म्हणतात. आमच्या खोऱ्यात तोच शब्द लांबवून 'दीफ' म्हणतात, पण तो माणसासाठी काढायची पद्धत नाही. तो हेझलच्या फळासाठी. सप्टेंबरात पोरं ओढ्याकाठी हेझल वेचतात, दाढेखाली फोडतात, आणि आत गर नसला की 'दीफ!' म्हणून थुंकतात. ओटाचं कणीस वरून टपोरं आणि आत पोचट, तर तेही दीफ. माणसांमध्ये दीफ म्हणजे मोठ्या शहरातल्या संस्थेत ठेवलेली माणसं. ती रांगेने फिरायला निघाली की आया आपापल्या मुलांचा हात घट्ट धरत. हा शब्द स्वतःला लावून घेण्यापेक्षा झिलाने गुडघे लटपटतात म्हणून सांगितलं असतं.

आणि तशी वेळ तिच्यावर कधी आलीही नव्हती, कारण तिचा नवरा विल्फ. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर डबे जोडायचं-सोडायचं काम करी. लग्नाआधी दोघं फिरायला जात तेव्हाच झिलाचं अर्धं ऐकणं डोळ्यांवर आलेलं होतं, त्यामुळे ती सारखी त्याच्या ओठांकडे बघायची. विल्फने त्याचा जो घ्यायचा तो अर्थ घेतला आणि तीन महिन्यांत लग्न झालं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी त्याने तिच्याशी पाठमोरं बोलणं कायमचं सोडलं. बाहेर जाताना काही सांगायचं राहिलं, तर दारातून परत येई, समोर उभा राही आणि सांगे. झिलाला वाटे, रेल्वेच्या माणसाची शिस्त आहे.

जानेवारीत विल्फला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंडाची उजवी बाजू ओघळून खाली आली, आणि कवळी बसेनाशी झाल्यावर उरलेले ओठही आत ओढले गेले. तीस वर्षं झिला ज्या तोंडावर सगळं वाचत आली होती, ते तोंड पुसून निघालं. वाचा मात्र गेलेली नव्हती. तो बोलत होता. अक्षरं घसरत होती, पण लक्ष दिलं तर मॅरियनला कळत होतं. मॅरियन त्यांची एकुलती मुलगी, बत्तीस वर्षांची, शेजारच्या गावी नगरपालिकेत टायपिस्ट. ती संध्याकाळी आणि शनिवारी येई. ती गिरणीत कधी गेलेली नव्हती. मुलीने गिरणीत जायचं नाही, हे झिलानेच ठरवलं होतं.

"आई, बाबा केव्हाचे तुला काहीतरी सांगताहेत," मॅरियन एका संध्याकाळी म्हणाली.

"ऐकतेय की."

"ऐकत नाहीयेस. नुसती मान हलवतेयस. आत्ता रडले ते. आणि तू काय विचारलंस? चहा हवा का!"

"मग? हवा होता का?"

मॅरियनने हातातली वाटी आपटली. दुधात कुस्करलेला पाव चादरीवर सांडला.

"काय म्हणतो तो?" झिलाने विचारलं.

"मला नाही सांगत. म्हणाले, तुझ्या आईला सांगायचंय, तू खाली जा. मी म्हटलं, मला सांगा, मी तिला सांगते. तर तोंडच फिरवलं. दोघांच्यातलं आहे म्हणाले."

झिलाने विल्फच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. मांजराने लोकरीचा गुंडा विस्कटावा तसं काहीतरी कागदावर उमटलं. तो कागद तिने सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, आणि घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला. विल्फ तिच्याकडे बघत होता. डोळे पूर्वीचेच होते, त्यामुळे आणखीच कठीण झालं.

दर शुक्रवारी लॉन्सडेल मास्तर विल्फजवळ बसायला येत. मास्तर निवृत्त झाल्यापासून खोऱ्यातले जुने शब्द गोळा करत. त्यांच्या बावीस वह्या भरल्या होत्या आणि त्या कुणी वाचेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. त्यामुळे ते सुखी होते. त्या शुक्रवारी चहा देताना झिलाने विचारलं, "मास्तर, एका शब्दाचं मूळ सांगाल का?"

"कुठल्या?"

झिलाने तो शब्द आवाज न काढता, नुसता ओठांनी म्हटला. मास्तरांची आईही विणकर होती. त्यांना कळलं. कशासाठी विचारते ते मात्र कळलं नाही, कारण शब्द दिसला की त्यांना माणूस दिसेनासा होई.

"वा! फार जुनं घराणं आहे त्याचं," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "मुळात याचा कानाशी काही संबंधच नव्हता, बाई. मुळाशी आहे धूर. धूर, धुकं, धुरळा, ज्यातून धड काही कळत नाही असं सगळं. ग्रीकांनी त्याच मुळावरून आंधळ्यासाठी शब्द केला. गॉथांनी दगडाच्या काळजाच्या माणसासाठी. हिंदुस्थानात धुराला जो शब्द आहे, तोही याच कुळातला म्हणतात. आपण तो कानाला लावला आणि उरलेला हेझलला."

"आणि आपण दीफ म्हणतो ते गावंढळ ना?"

"कोण म्हणतं गावंढळ? दोनशे वर्षांपूर्वी लंडनचे लोकसुद्धा दीफच म्हणायचे! बिघडले ते, आपण नाही."

"म्हणजे आधी धूर, आणि पोचट ते नंतर?"

"हो. बरंच नंतर."

"धूर चालेल," झिला म्हणाली आणि कप उचलून आत गेली. मास्तरांनी वही काढून सगळं लिहून घेतलं, तिचं शेवटचं वाक्य सोडून.

सोमवारी ती डॉक्टर फेअरबर्नकडे गेली. श्रवणयंत्र सरकारातून फुकट मिळतं, पण त्याला डॉक्टरांची शिफारस लागते, एवढं तिला ठाऊक होतं. डॉक्टर दक्षिणेकडचे, तरुण, गुळगुळीत दाढी केलेले, एकेक अक्षर कातरून काढल्यासारखं बोलणारे. कागदावरसुद्धा इतकं स्वच्छ छापलेलं नसतं. त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मी हळू आवाजात आकडे म्हणेन. ऐकू आला की तुम्ही म्हणायचा."

भिंतीशी औषधांचं कपाट होतं. त्याला काचेची दारं होती. काचेत, खोकल्याच्या बाटल्यांच्या मधोमध, डॉक्टरांचे ओठ होते.

"सत्तावीस," झिला म्हणाली.

पहिला आकडा तोंडातून कसा निघाला ते तिचं तिलाच कळलं नाही. दुसऱ्याला कळलं. तिसऱ्याला गप्प राहायचं असं तिने ठरवलं, आणि डॉक्टरांचे ओठ मिटायच्या आत म्हणाली, "चौसष्ट." साळखात्यात कुणी बोललं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही, याचा अर्थ एकच: पट्ट्यात हात सापडला. मग चार मागांवरून बायका धावत येत. म्हणून ओठ हलले की उत्तर द्यायचं, आधी उत्तर, मग विचार, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. डोळे मिटून घ्यावेत हे सुचायला डोक्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तिने एकोणनव्वदही सांगून टाकला.

"कमाल आहे, मिसेस ब्रेसवेल! तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत."

आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. शाळा सोडल्यापासून कुणी तिची परीक्षा घेतली नव्हती. कालव्यावरच्या पुलापर्यंत तो आनंद टिकला. पुलावर ती थांबली, आणि खाली पाण्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

घरी येऊन तिने माडीची खिडकी उघडली. समोरच्या खिडकीत बर्था व्हिटॅम होती. दोघींचे माग एकोणतीस वर्षं शेजारी होते.

"काय झालं गं?" बर्थाने ओठांनी विचारलं.

"पास झाले."

"कशात?"

झिलाने सांगितलं. बर्था इतकी हसली की तिला चौकट धरावी लागली. मग झिलाचा चेहरा पाहून थांबली. "झिले, वेडी आहेस तू. डोळे मिटायचे होतेस."

"सुचलं नाही."

"मला बाई असलं काही लागत नाही. मला सगळं येतं ऐकू. गिरणी बंद झाल्यापासून लोकच पुटपुटायला लागलेत."

"बर्था, विल्फला वाटत असेल, माझं लक्षच नाही त्याच्याकडे."

"विल्फला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

बर्थाने पदराचं टोक चावावं तशी ॲप्रनची नाडी चावली. मग म्हणाली, "त्याने मिशा का काढल्या?"

"गाणाऱ्यांच्या मंडळात सगळे हसले म्हणून."

"हसले कसले! एकतीस साली मीच त्याला गाठलं मालधक्क्यावर. म्हटलं, त्या झाडीमागचं तुझ्या बायकोला काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सफाचट. मला म्हणाला, तिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून, तिला लागेल."

झिलाने खिडकी ओढून घेतली. मागे वळली. विल्फ उशीला टेकून तिच्याकडेच बघत होता. एकतीस वर्षं तो दारातून परत आला होता, समोर उभा राहिला होता, ओठ सावकाश हलवले होते. म्हणजे आत्ताही त्याला ठाऊक होतं, की आपलं बोलणं हिच्यापर्यंत पोचत नाही. तरी तो बोलत होता.

त्याच आठवड्यात ती पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टर फेरीवर होते. रजिस्टरवर मिस ड्यूरी होत्या.

"सोमवारचं चुकलं," झिला म्हणाली. "मी काचेत बघून सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"आकडे. मला ऐकू येत नाही. मी डेफ आहे." हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदा मोठ्याने म्हटला. किती मोठ्याने, ते तिला कळलं नाही. बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली, त्यावरून अंदाज आला.

मिस ड्यूरी हसल्या. "अहो बाई, मी इतक्या हळू बोलतेय की त्या बाकावर ऐकू जात नाहीये, आणि तुम्ही माझ्या प्रत्येक शब्दाला उत्तर देताय!"

"तुमचे ओठ चांगले आहेत."

"इश्श," मिस ड्यूरी म्हणाल्या आणि लाजल्या. मग रजिस्टर उलटून पाहिलं. "तुमचं कार्ड गेलं परगण्याच्या कचेरीत. तिथे 'उत्तम' लागलं म्हणजे लागलं. फेरतपासणी हवी असेल तर तीन मेची वेळ देते."

त्या दिवशी मार्चची बावीस तारीख होती. झिलाने तीन मे घेतली.

मग तिला जे येत होतं ते तिने केलं. सगळं बंद झालं की विणकर बाई पायांनी ऐकते. कुठला माग बिघडलाय ते लाकडी तळव्यांच्या बुटांतून तिला समजतं. ती विल्फच्या पलंगावर बसे, त्याच्या सदऱ्याची वरची दोन बटणं काढी आणि हाताचा तळवा गळ्याखाली ठेवी. "सांग," ती म्हणे. तो सांगे. तळव्याखाली काहीतरी थरथरे, थांबे, पुन्हा थरथरे. चार लहान, मग एक लांब, मग बराच वेळ काही नाही. दुसऱ्या दिवशीही चार लहान, एक लांब. तिसऱ्या दिवशीही तेच. वाक्य एकच होतं, हे तिला कळलं. ते बदलत नव्हतं, त्याला घाई नव्हती, रागही नव्हता. यापलीकडे हाताला काही कळेना.

"हो," ती म्हणे, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. तो मान हलवी: नाही. मग पुन्हा सुरुवात करी.

"आई, तू बाबांचा गळा काय धरून बसतेस?" मॅरियनने विचारलं.

तेव्हा झिलाने तिला सांगितलं. सगळंच सांगितलं, बारा वर्षांच्या पोरीपासून ते काचेच्या कपाटापर्यंत. मॅरियनने बापाच्या सदऱ्याची बटणं लावली. मग म्हणाली, "मी लहानपणी स्वयंपाकघरातून हाका मारायचे आणि तू यायची नाहीस. मला वाटायचं, मी नकोशी आहे."

झिलाला हे नीट दिसलं. मॅरियनचे ओठ अगदी स्पष्ट हलत.

"तुला गिरणीत घातलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली.

मॅरियनने बापाजवळ जाऊन पुन्हा विचारलं. आईला ऐकू येत नाही, मला आता कळलंय, मला सांगा, मी तिला ओठांनी सांगते, अगदी तुम्ही सांगाल तसं. विल्फने डोळे मिटून घेतले. काही वाक्यं मुलीच्या तोंडून बायकोला सांगता येत नाहीत, आणि विल्फ तर आधीपासून भिडस्त माणूस.

सात एप्रिलला, शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास मॅरियन पाव आणायला गेली होती. ऊन पडलं होतं. झिलाने विल्फच्या डोक्याखालची उशी बदलली आणि जुनी झटकायला खिडकीशी गेली. समोर बर्था उभीच होती.

"खाटकाकडे मानेचं मटण चांगलं आलंय," बर्था ओठांनी म्हणाली. "बटाटे घालून हॉटपॉट शिजवायला घेऊ का तुझ्यासाठीपण?"

"घे. चरबी कमी असलेलं बघ. मागच्या वेळी निम्मी चरबीच होती."

"तो खाटूक मला बघून चरबीच काढतो पुढे. विल्फ खाईल का?"

"रस्सा देईन त्याला. बटाटा कुस्करून."

"कांदा आहे?"

"दोन आहेत."

असं बोलणं पाच-सात मिनिटं चाललं. मग झिला उशी घेऊन वळली.

सोमवारी नोंदणी कचेरीत साहेबांनी मान वर करून, नीट एकेक शब्द उच्चारत प्रश्न विचारले. झिलाने प्रत्येकाला लगेच उत्तर दिलं. मॅरियन शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मृताचे नाव: विल्फ्रेड ब्रेसवेल. वय: एकसष्ट. धंदा: रेल्वे कामगार, निवृत्त.

"त्या वेळी आपण खोलीतच होतात?"

"हो."

खबर देणार: झेड. ब्रेसवेल, मृताची पत्नी, मृत्यूसमयी हजर.

शनिवारच्या त्या पाच-सात मिनिटांत विल्फने तिला नावाने दोनदा हाक मारली होती. मॅरियनला ती खाली रस्त्यावर ऐकू आली.